पावती कुणाच्या नावाची? सरकारी शाळेची देणगी रिटर्नमध्ये दाखवताना

जिल्हा परिषदेच्या शाळेला कुणी पन्नास हजार रुपये देतं, मुख्याध्यापक लेटरहेडवर शिक्का मारून आभारपत्र देतात, २६ जानेवारीला शाल-श्रीफळही होतं. जुलैमध्ये आयकर रिटर्न भरायला बसल्यावर मात्र त्या आभारपत्राचा काडीचा उपयोग होत नाही. देणगीवर वजावट देणारं आयकर कायद्यातलं कलम म्हणजे ८०जी; त्याचा रकाना देणगी घेणाऱ्याचा पॅन मागतो, आणि शाळेला स्वतःचा पॅन नसतो. शाळा ही इमारत आहे, हजेरीपट आहे, पटावरची मुलं आहेत. कायद्याच्या नजरेत पैसे घेणारी ‘व्यक्ती’ वेगळी असते. ती कोण, हे पैसे देण्याआधी ठरवून घेतलं तर पुढचं सगळं काम तासाभराचं आहे. नंतर ठरवायला गेलं तर बहुतेक वेळा जमतच नाही.

आपल्या रिटर्नमध्ये ‘माझ्या करातले इतके रुपये सरकारी शाळांना द्या’ अशी खूण करायची चौकट नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सरकारी शाळेच्या उपक्रमांसाठी दिलेले २०० डॉलर, पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर ४०० डॉलर, थेट देय करातून वजा होतात. आपल्याकडे वजावट मिळते ती उत्पन्नातून, करातून नाही. हा फरक आधीच लक्षात घेतलेला बरा, नाहीतर ‘पन्नास हजार दिले म्हणजे पन्नास हजार कर वाचला’ असा समज होतो आणि पुढे विरस होतो. करावर जो ४ टक्के ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ लागतो तो सक्तीचा आहे, त्याचा देणगीशी संबंध नाही. ‘आम्ही सेस भरतोच की’ हे वाक्य देणगी टाळायला ठीक, वजावट मागायला नाही.

आता पैसे घेणारा कोण, हा मुद्दा.

शाळा खासगी अनुदानित असेल तर ती चालवणारी शिक्षण संस्था असते, सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली. पॅन संस्थेचा, ८०जीची मान्यता संस्थेची, म्हणून पावतीही संस्थेचीच हवी. एकाच संस्थेच्या दहा शाळा असतील तर पावतीवर वर संस्थेचं नाव आणि खाली ‘अमुक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी’ असा उल्लेख, हा योग्य प्रकार. शाळेने स्वतःचं पावतीपुस्तक छापलं असेल आणि त्यावर संस्थेचा पॅन व मान्यता क्रमांक नसेल तर ती पावती फाइलला लावायच्या लायकीची नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा महापालिकेची असेल तर रस्ता वेगळा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कलम ८०जीमध्ये सरकारला किंवा स्थानिक प्राधिकरणाला धर्मादाय कामासाठी दिलेल्या रकमेची वेगळी तरतूद आहे. धर्मादाय कामाच्या व्याख्येत शिक्षण येतं, आणि पंचायत व नगरपालिका या दोन्ही स्थानिक प्राधिकरणात येतात. त्यामुळे ‘जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या वर्गखोलीसाठी’ म्हणून ग्रामपंचायतीच्या ग्रामनिधीत किंवा जिल्हा परिषदेच्या खात्यात भरलेली रक्कम वजावटीला पात्र ठरू शकते. इथे ८०जीची वेगळी मान्यता लागत नाही, कारण मान्यतेची अट न्यास-संस्थांसाठी आहे. मात्र पावतीवर हेतू लिहिलेला हवा. नुसतं ‘इतर जमा’ असं लिहून दिलं तर ती रक्कम पाणीपट्टीची की शाळेची, हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. सोबत ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल मागून घ्यावी. ती सहज मिळते, फक्त मागावी लागते.

मधली अडचण शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ही समिती असते, तिचं बँक खातंही असतं, आणि गावकरी मोकळ्या मनाने त्याच खात्यात पैसे टाकतात. समितीकडे सहसा स्वतःचा पॅन किंवा ८०जीची मान्यता नसते. खर्चाच्या दृष्टीने हे खातं सोयीचं आहे, पैसा लवकर हलतो, पालकांच्या नजरेखाली राहतो. पण करासाठी ते बहुधा निरुपयोगी. ज्याला वजावट नको त्याने खुशाल समितीला द्यावेत, किंबहुना लहान रकमा तिथेच द्याव्यात असं आमचं मत आहे. दोन-तीन हजारांसाठी ग्रामसेवकांना ठराव करायला लावण्यात कुणाचाच फायदा नाही.

जिल्हा साक्षरता समितीचाही उल्लेख करायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची, एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या गावांत व शहरांत प्राथमिक शिक्षण सुधारण्यासाठीची ही समिती ८०जीमध्ये नावानिशी आहे, आणि तिला दिलेल्या रकमेची १०० टक्के वजावट मिळते, तीही मर्यादेशिवाय. कागदावर याहून चांगला मार्ग नाही. फक्त आपल्या जिल्ह्यात ती समिती चालू आहे का, देणगी स्वीकारून पावती देते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारावं आणि मगच पैसे काढावेत.

पॅन हातात आला की त्याचं चौथं अक्षर बघायची सवय लावून घ्यावी. न्यासाच्या पॅनमध्ये तिथे ‘टी’ असतं, व्यक्तिसमूह म्हणून पॅन काढलेल्या सोसायटीच्या पॅनमध्ये ‘ए’, स्थानिक प्राधिकरणाच्या पॅनमध्ये ‘एल’, सरकारच्या पॅनमध्ये ‘जी’. ‘पी’ दिसलं तर तो एखाद्या माणसाचा वैयक्तिक पॅन आहे, म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांचा किंवा खजिनदारांचा. वाईट हेतूने दिलेला असतो असं नाही, ‘पॅन पाहिजे’ म्हटल्यावर खिशातला दिलेला असतो. ग्रामपंचायतींच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. ठेकेदारांचा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापत असल्यामुळे त्यांच्याकडे टॅन, म्हणजे त्या कापणीसाठीचा क्रमांक, पाठ असतो आणि पॅन म्हणून तोच सांगितला जातो. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. टॅनमध्ये चार अक्षरं, पाच अंक, एक अक्षर. दोन्ही दहाच वर्णांचे, त्यामुळे घाईत डोळ्यांना फरक कळत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलला लगेच कळतो.

न्यास-संस्थेच्या बाबतीत मान्यतेची तारीख बघणं हा वेगळा सोपस्कार. पूर्वी ८०जीची मान्यता एकदा मिळाली की चालत राही. २०२१ पासून सगळ्या जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि मान्यता पाच वर्षांपुरती झाली. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपर्यंतची तात्पुरती मान्यता मिळते. त्या पहिल्या फेरीतल्या असंख्य संस्थांची पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो, आणि लहान संस्थांमध्ये तो राहून जातो, कारण सचिव बदललेले असतात आणि पोर्टलचा पासवर्ड जुन्या सचिवांच्या मोबाइलला जोडलेला असतो. म्हणून पावतीपुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर न जाता फॉर्म १०एसी किंवा, नूतनीकरण झालं असेल तर, फॉर्म १०एडी हा मान्यता-आदेश बघायला मागावा. त्यावर कुठल्या करनिर्धारण वर्षापासून (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) कुठपर्यंत मान्यता आहे ते लिहिलेलं असतं. ज्या पावतीवर ‘८०जी मान्यता कायमस्वरूपी’ असं अजून छापलेलं आहे ती २०२१ पूर्वीची आहे, एवढं समजून जावं.

पैसे देण्याची पद्धत. रोख द्यायचे तर २,००० रुपयांपर्यंतच. त्यापुढे एक रुपया जरी रोख गेला तरी फक्त वरचा भाग नाही, पूर्ण रक्कम वजावटीतून बाद होते. २,५०० रोख दिले तर वजावट शून्य. चेक, एनईएफटी, यूपीआय काहीही चालतं, पण खातं ज्याची वजावट मागायची त्याचं हवं. पतीच्या यूपीआयवरून पैसे आणि पावती पत्नीच्या नावे, हा रोजचा प्रकार आहे आणि तपासणीत नेमका तोच अडतो. ३१ मार्चला दिलेला चेक एप्रिलमध्ये वटला तर कायद्याने ते पैसे मार्चमध्ये दिल्यासारखेच धरले जातात. तरीही संस्थेचा हिशेबनीस बँक पासबुक बघून ती नोंद पुढच्या वर्षात टाकतो, आणि मग तुमचं रिटर्न एका वर्षाचं, संस्थेचं विवरण दुसऱ्या वर्षाचं. यावर उपाय साधा आहे: मार्चचा तिसरा आठवडा उलटला की चेक देऊच नये, थेट ट्रान्सफर करावा.

वस्तूंची वजावट नाही. बाकं, संगणक, पाण्याची टाकी, ग्रंथालयाची पुस्तकं यांचं बिल तुमच्या नावाचं असेल तर शाळेला त्याचा उपयोग पुरेपूर होईल, तुमच्या रिटर्नला काही नाही. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवरून सरकारी शाळांना सेवा आणि साहित्य देता येतं, व्यवस्था चांगली आहे, पण ८०जीसाठी तिचा उपयोग नाही. संगणकच द्यायचे असतील तर रक्कम संस्थेच्या खात्यात ‘संगणक खरेदीसाठी’ म्हणून द्यावी आणि खरेदी संस्थेने स्वतःच्या नावे करावी. कोणते संगणक घ्यायचे यावर आपलं मत चालावं अशी देणगीदाराची इच्छा असते, ती पत्रात लिहावी. बिल स्वतःच्या नावावर घेऊ नये.

शाळेचं सर्वाधिक भलं आणि करात सर्वाधिक गोंधळ माजी विद्यार्थ्यांच्या बॅचमुळे होतो. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप गट, चाळीस जण, प्रत्येकी पाच हजार, सगळे एका मित्राच्या खात्यात, आणि त्याने दोन लाखांचा एकच चेक संस्थेला दिला. संस्थेच्या नोंदीत देणगीदार एकच. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या नावे प्रमाणपत्र निघणार नाही, आणि त्या एकाने पूर्ण दोन लाखांची वजावट घेणंही चूक, कारण त्याचे स्वतःचे पाचच हजार. स्नेहमेळाव्याच्या आधीच गटावर संस्थेचा खाते क्रमांक टाकावा, प्रत्येकाने परस्पर पैसे भरावेत, आणि एकाने तक्ता करून ठेवावा: पॅनवर असलेलं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, तारीख, बँकेचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. हा तक्ता संस्थेच्या हिशेबनिसाला दिला की त्याचं निम्मं काम झालं. ‘बंड्या’ किंवा ‘डॉ. साहेब’ असं नाव लिहिणाऱ्याचा फोन नंबरही सोबत ठेवावा.

हा तक्ता कशासाठी, तर फॉर्म १०बीडीसाठी. मान्यताप्राप्त संस्थेला आर्थिक वर्षातल्या देणग्यांचं विवरण पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरावं लागतं, आणि त्यातून प्रत्येक देणगीदाराचं फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र तयार होतं. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून हीच पद्धत आहे. वजावटीचा खरा आधार आता हे प्रमाणपत्र आहे, पावती त्याला पूरक. संस्थेने विवरण उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि भरलंच नाही तर १०,००० पासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेच्या कार्यालयात एक फोन करून ‘१०बीडी भरताय ना’ असं विचारणं आगाऊपणाचं नाही. शाळांचे कारकून एप्रिलमध्ये निकालात आणि मेमध्ये सुट्टीत असतात.

१०बीई आलं की चार गोष्टी ताडून बघाव्यात: आपला पॅन, रक्कम, आर्थिक वर्ष, आणि देणगीचा प्रकार व भरणा कसा झाला ते. यूपीआयने दिलेले पैसे हिशेबनिसाने रोख म्हणून नोंदवले तर २,००० च्या नियमात अडकतात. पॅनच्या जागी आधार टाकलेला असला तर पुढे मेळ बसवायला त्रास होतो. चूक निघाली तर संस्थेला विवरण सुधारून भरता येतं आणि नवं प्रमाणपत्र काढता येतं, पण त्यासाठी ती जूनमध्ये सापडायला हवी, ३० जुलैच्या रात्री नाही.

रिटर्न भरताना पहिली पायरी करप्रणालीची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ८०जीची वजावट नाही. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्याने ती रिटर्नमध्येच निवडायची, व्यवसायवाल्याने मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरायचा. इथे हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, म्हणजे प्रमाणित वजावटीसह पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत, कर लागत नाही. अशा माणसाने देणगीच्या वजावटीसाठी जुन्या प्रणालीत जाणं म्हणजे आवळा मिळवायला कोहळा देणं. देणगी द्यावी, वजावट विसरावी. घरकर्जाचं व्याज, घरभाडं, ८०सी (विमा, पीएफसारखी बचत), ८०डी (आरोग्य विमा) या सगळ्यामुळे जो आधीच जुन्या प्रणालीत आहे त्याच्यासाठीच पुढचं गणित.

संस्था आणि स्थानिक प्राधिकरण, दोन्हींच्या देणगीची ५० टक्के वजावट मिळते, आणि तीही पात्रता मर्यादेच्या आत. मर्यादा म्हणजे समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्के. समजा एकूण उत्पन्न १८ लाख आहे, त्यात २५,००० दीर्घकालीन भांडवली नफा. ८०सीचे दीड लाख आणि ८०डीचे २५,००० वजा करायचे, नफाही वजा करायचा, उरले १६ लाख. त्याचे १० टक्के १,६०,०००. देणगी २ लाखांची असली तरी गृहीत धरली जाणार १,६०,०००, वजावट त्याच्या निम्मी म्हणजे ८०,०००, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ३१.२ टक्क्यांनी वाचणारा कर २४,९६० रुपये. उरलेले ४०,००० पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. म्हणून मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागून द्यावी. शाळेला फरक महिन्याभराचा पडतो. मर्यादेच्या आतली देणगी असेल तर वरच्या टप्प्यातल्या माणसाचे शंभर रुपयांमागे १५ रुपये ६० पैसे वाचतात.

८०जीच्या परिशिष्टात चार तक्ते आहेत. संस्थेची देणगी चौथ्या, म्हणजे ‘डी’ तक्त्यात: ५० टक्के, मर्यादेसह. घाईत पहिल्या तक्त्यात भरली की १०० टक्के वजावट दिसते, परतावा वाढलेला दिसतो, आणि माणूस खूश होऊन पुढे जातो. हा आनंद टिकत नाही. ‘डी’ तक्त्यात संस्थेचं नाव, पत्ता, पिन कोड, पॅन, रोख रक्कम, इतर मार्गाने दिलेली रक्कम आणि १०बीईवरचा एआरएन, म्हणजे प्रमाणपत्राचा नोंद क्रमांक, भरायचा. नाव १०बीईवर आहे तसंच लिहावं. ‘मंडळ’ आणि ‘ट्रस्ट’ यांची अदलाबदल करू नये. एआरएन प्रमाणपत्रावरून बघून टाइप करण्यापेक्षा कॉपी करून चिकटवावा.

पगारदारांच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार-कराच्या दाखल्यात, ही देणगी बहुधा नसते, कारण कंपन्या संस्थांच्या देणग्या टीडीएसच्या हिशेबात घेत नाहीत. रिटर्नमध्ये प्रथमच दिसलेली वजावट म्हणून तिच्याकडे लक्ष जातं, त्यात गैर काही नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात ८०जीही होतं. कमिशन घेऊन खोट्या वजावटींची रिटर्न भरून देणाऱ्या मध्यस्थांचा धंदा त्यामागे होता. खरी देणगी देणाऱ्याला त्याची भीती नाही, पण कागद हवेत: पावती, १०बीई, बँक स्टेटमेंटची ती ओळ, आणि ग्रामपंचायत असेल तर ठरावाची नक्कल. प्रस्तावित फेरफाराची सूचना आली तर ३० दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यायचं असतं. ईमेल जुन्या नोकरीच्या पत्त्यावर जात असेल तर तो रिटर्न भरतानाच बदलून घ्यावा.

शाळेत प्रवेश घेताना ‘देणगी’ म्हणून घेतलेली रक्कम या सगळ्यात बसत नाही. मोबदला घेऊन दिलेले पैसे देणगी होत नाहीत, आणि कॅपिटेशन फीला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तशी पावती ८०जीत दाखवणं म्हणजे स्वतःहून दोन्हीकडून सापडणं. मुलांच्या शाळेची शिक्षण फी (ट्यूशन फी) ८०सीत जाते, विकास शुल्क कशातच जात नाही.

बहुतेक पगारदारांसाठी रिटर्नची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर उशिराचं रिटर्न भरता येतं, पण जुनी प्रणाली निवडता येत नाही, म्हणजे ८०जीची वजावट पूर्ण गेली, मग १०बीई कितीही नीट असो. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायची. आधारच्या ओटीपीने ती दोन मिनिटांत होते, आणि ती न केलेलं रिटर्न भरलेलंच धरत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यामुळे त्यापुढच्या देणग्यांच्या पावत्यांवर कलमांचे नवे क्रमांक दिसू लागतील. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या देणगीसाठी मात्र जुनाच कायदा आणि ८०जी हेच नाव.